लो-बँडसाठी तारेचा मोठा लूप: इंदिरानगरची गच्ची की दिंडोरीचा मळा?

पाथर्डीफाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं जनरल ग्रेडचं लायसन्स हातात पडलंय, शंभर वॉटचा रिग (रेडिओ संच) टेबलावर आहे, आणि अँटेना म्हणून गच्चीवर ४० मीटर बँडचा एक इनव्हर्टेड व्ही (उलट्या व्हीच्या आकाराची तार) लोंबतोय. आता लो-बँडवर, म्हणजे ८० मीटर तरंगलांबीच्या बँडवर उतरायचंय, ४०ही सुधारायचंय, आणि पुढंमागं जमलंच तर १६०. बरेच जण म्हणतात, "तारेचा मोठा लूप टाक आणि मोकळा हो." पण कसला लूप, हे कोणी धड सांगत नाही.

जागा दोन आहेत.

पहिली म्हणजे नाशिकच्या इंदिरानगरातली आमची चार मजली सोसायटी. गच्ची २२ बाय १४ मीटर, जमिनीपासून साधारण १३ मीटर उंच. कमिटीची तोंडी परवानगी मिळाली आहे. अटी दोनच: खालून काही दिसता कामा नये आणि टाक्या धुणाऱ्याच्या पायात काही येता कामा नये.

दुसरी जागा दिंडोरीजवळ मामांचा मळा. द्राक्षबाग, एक शेततळं, बांधावर निलगिरीची रांग. त्यातली एकदोन झाडं वीस मीटरच्या पुढची असतील. तिथं मी फक्त शनिवार-रविवारी असतो.

सकाळी आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळींशी गप्पा व्हाव्यात आणि थंडीत ८०वर युरोप, जपान ऐकू यावं, एवढीच इच्छा. आडवा लूप, उभा डेल्टा, की यूट्यूबवर दिसतो तो छोटा गोल मॅग्नेटिक लूप? अनुभवी लोकांनी मार्ग दाखवावा.

चहाबाज

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण खुर्ची ओढून बसलोय. सोसायटीतल्या जोशीकाकूंना मोबाइल टॉवरची शंका आली की इथं जरूर कळवा.

डॅशडॉट

अभिनंदन रे. पण आधी एक ठरव, कोणाशी बोलायचंय? एकाच वाक्यात तू कोल्हापूर आणि कोपनहेगन दोन्ही मागतोयस. ८० मीटरवर ही दोन निराळी कामं आहेत.

पूर्ण तरंगलांबीच्या लूपची तार मीटरमध्ये काढायची तर ३०६ला मेगाहर्ट्झनं भाग. ३.६ साठी ८५ मीटर, ७.१ साठी ४३, आणि १६० मीटर बँडला १.८२ धरलंस तर १६८ मीटर. आता ही ८५ मीटर तार जमिनीला समांतर, दहा-अकरा मीटरवर पसरलीस तर ती तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याइतक्याच उंचीवर राहते. तिथून बहुतेक शक्ती सरळ डोक्यावर जाते आणि आयनमंडलावरून परतून छत्रीसारखी चहूकडे उतरते. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नांदेड, सगळं त्या छत्रीखाली. मधे सह्याद्री असो की सातमाळा, काही अडत नाही. पण क्षितिजाच्या बाजूला फारसं काही जात नाही. युरोपवाला तुला ऐकेल, पण ते त्याचं पुण्य.

तीच तार उभ्या त्रिकोणात टांगून बाजूच्या तारेवर खालच्या अंगाला फीड केलीस (रेडिओची केबल तिथं जोडलीस) की ध्रुवीकरण (लहरीतल्या विद्युतक्षेत्राची दिशा) उभं होतं, लहरी निघण्याचा कोन खाली येतो आणि लांबचं दार उघडतं. मात्र मग सकाळच्या गप्पांत पुणेकर तुला म्हणतील, "आज सिग्नल पडलाय."

एकाच लूपमध्ये दोन्ही बसवायला गेलास तर दोन्हीकडून अर्धवट राहशील. तुझ्याकडे दोन जागा आहेत, हे नशीब समज.

ओहमशांती

डॅशडॉटकाकांशी सहमत. गच्चीचा हिशेब मांडते.

२२ बाय १४चा परीघ ७२ मीटर. कठड्याच्या कडेनं पूर्ण लूप फिरवला तर तो ४.२५ मेगाहर्ट्झच्या आसपास रेझोनंट होईल (आपोआप जुळेल), म्हणजे आपल्या कुठल्याच बँडवर नाही. उरलेली तेरा मीटर तार घालायला जागा नाही. अशा वेळी रेझोनन्सचा नाद सोडून लॅडर लाइननं (दोन समांतर उघड्या तारांच्या केबलनं) फीड करायचं आणि खोलीत चांगला ट्यूनर (अँटेना रिगशी जुळवणारा डबा) ठेवायचा, हा एक रस्ता.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे स्लॅब. जमिनीपासून १३ मीटर उंची दिसते खरी, पण लूपच्या खाली तीन मीटरवर सळयांची जाळी पसरलेली आहे. ती काही तांब्याचा पत्रा नव्हे, तोट्याचीच जाळी. लूप तिच्या जितका जवळ तितकी ऊर्जा त्या काँक्रीटला ऊब देण्यात जाणार. तार निदान चार-पाच मीटर वर उचला, आणि लिफ्टच्या खोलीपासून जमेल तेवढी लांब. लिफ्टचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) ८० मीटरवर काय धुमाकूळ घालतो ते एकदा ऐकाच.

मुळाकाठ

पुण्याहून नमस्कार. एवढा खटाटोप कशाला? मी बाल्कनीत एक मीटर व्यासाचा, २२ मिमी तांब्याच्या नळीचा मॅग लूप ठेवलाय. २० मीटरवर युरोप नेहमीचाच. ४०वर पण क्यूएसओ (संपर्क) होतात. मुख्य म्हणजे कुणाची परवानगी लागत नाही.

ओहमशांती

@मुळाकाठ, २० मीटरवर तो गुणी आहेच, वाद नाही. पण धागा लो-बँडचा आहे.

छोट्या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स (शक्ती हवेत फेकणारा रोध) वारंवारतेच्या चौथ्या घातानं बदलतो. तुमच्याच मापाचा लूप घेऊ. ७.१ मेगाहर्ट्झवर रेडिएशन रेझिस्टन्स साधारण ६ मिलिओहम, आणि नळीचा स्वतःचा आरएफ रोध ३२ मिलिओहमच्या आसपास. म्हणजे कार्यक्षमता सोळा टक्के. ३.६वर आलात की रेडिएशन रेझिस्टन्स ०.४ मिलिओहम आणि नळीचा रोध साडेबावीस. शंभर वॉटमधले पावणेदोन वॉट हवेत जातात, बाकीचे नळी तापवतात. यात कपॅसिटरचा आणि सांध्यांचा तोटा धरलेलाच नाही.

शिवाय बँडविड्थ काही किलोहर्ट्झचीच. जरा डायल हलवला की पुन्हा ट्यूनिंग. कपॅसिटरवर शंभर वॉटला हजारो व्होल्ट चढतात, घरात लहान मूल असेल तर हे आधी लक्षात घ्या.

जागाच नसलेल्या माणसाला तो आधार आहे. इथं तर मळा आहे, गच्ची आहे, निलगिरी आहे.

मुळाकाठ

आकडे मान्य. ८०वर मी कधी ओरडलोच नाही त्यावर, आता कळलं, कोणालाच का ऐकू गेलं नसतं ते. पण ऐकण्यासाठी छोटा लूप ठेवाच, फिरवून शेजाऱ्याच्या एलईडी दिव्याचा आवाज नलमध्ये (लूपला ऐकू न येणाऱ्या दिशेत) टाकता येतो. गच्चीवर हे सोनं आहे.

पाथर्डीफाटा

धन्यवाद ताई, काका. मॅग लूप यादीतून बाद.

एक शंका. सगळीकडे वाचतो की मोठा लूप "शांत" असतो, डायपोलपेक्षा (मधे फीड केलेल्या सरळ तारेपेक्षा) आवाज कमी. खरं का?

डॅशडॉट

अर्धं खरं. बंद लूपला मोकळं टोक नसतं. धुळीच्या वाऱ्यात, पावसाआधी तारेवर जो स्थिर विद्युतभार साठतो आणि टोकाशी खसखसत निसटतो, तो प्रकार लूपवर कमी. याचा इतिहास मोठा मजेदार आहे. इक्वेडोरमध्ये किटो शहरात एचसीजेबी नावाचं लघुलहरी केंद्र होतं, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरहून जास्त उंचीवर. तिथल्या विरळ हवेत त्यांच्या बीम अँटेनाच्या दांड्यांच्या टोकांना कोरोना डिस्चार्ज व्हायचा आणि टोकं अक्षरशः जळून वितळायची. क्लॅरेन्स मूर नावाच्या इंजिनिअरनं १९४०च्या सुमारास दांडीऐवजी चौकोनी बंद लूप वापरला. टोकच नाही तर जळणार काय! आज ज्याला क्युबिकल क्वाड म्हणतात तो तिथून आला.

पण घरातल्या चार्जरचा, सोलर इन्व्हर्टरचा, महावितरणच्या कुठल्या तडकलेल्या इन्सुलेटरचा आवाज लूपनं कमी होत नाही. आडव्या अँटेनाला जवळचा गोंगाट थोडा कमी लागतो, कारण तो बहुतांशी उभ्या ध्रुवीकरणानं जमिनीलगत येतो. तेवढा फायदा त्याच उंचीच्या आडव्या डायपोललाही मिळतो. लूप डायपोलपेक्षा जास्तीत जास्त एक-सव्वा डीबीनं वरचढ, आणि एस-मीटरचा (रिगवरच्या सिग्नलमापकाचा) एक काटा सहा डीबीचा. तेव्हा एका डीबीसाठी लूप लावू नकोस. दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेवरही तो बऱ्यापैकी जुळतो, म्हणजे ८०चा लूप ४० आणि २०वर फार धडपड न करता चालतो, त्यासाठी लाव.

निफाडची_थंडी

राम राम. मी द्राक्षवाला आणि हॅम, दोन्ही. मळ्याबद्दल चार गोष्टी सांगतो, त्या पुस्तकात नाहीत.

भाऊ, बागेवर लूप टाकायचा विचार सोडा. वाय पद्धतीचा मांडव म्हणजे माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एकराएकरात जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारांचं जाळं. तुमचा लूप दहा मीटरवर बांधला तरी त्याला जमीन दोन मीटर वर उचलल्यासारखी वाटते. ते एक वेळ चालेल. पण मांडवात शेकडो गाठी, अर्ध्या गंजलेल्या. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो. तुम्ही ३.६वर बोलाल आणि तो ७.२वर, १०.८वर कुरकुरेल, शिवाय रिसीव्हला भलतंच कायतरी मिसळून आणेल.

दुसरं, झटका मशीन. रानडुकरांसाठी बांधाला तारेचं कुंपण असतं, त्यावर सेकंदाला एक ठोका. ८०वर टक, टक, टक, रात्रभर. मामांचं असलं तर तुम्ही ऐकताना बंद करता येईल, शेजाऱ्याचं असलं तर गोड बोला. बरेचदा तारेला गवत टेकलेलं असतं, तिथं ठिणगी पडते. गवत कापलं की निम्मा आवाज जातो आणि शेजारीही खूश.

सोलर पंपाचा कंट्रोलर दिवसा बोंबलतो. रात्री गप्प. लो-बँडवाल्याला अजून काय पाहिजे राव.

पाथर्डीफाटा

वा! झटका मशीनचं डोक्यातच आलं नव्हतं. मग मळ्यात नेमकं कुठं?

निफाडची_थंडी

शेततळ्याचा बांध. भराव टाकलेला असतो म्हणून तीनएक मीटर उंची फुकट मिळते, मांडव नाही, झाडं नाहीत. ३० बाय ३०चं तळं असेल तर ८५ मीटरचा आडवा चौकोन, बाजू एकवीस मीटर, आरामात बसतो. पण तुम्हाला तिथं लांबचं ऐकायचंय ना? मग निलगिरी.

ओहमशांती

निलगिरीसाठी डेल्टाची मापं.

८०चा समभुज त्रिकोण: बाजू २८.३ मीटर, उंची साडेचोवीस. खालची तार अडीच मीटरवर ठेवली तरी शेंडा सत्तावीसवर जातो. नाही जमणार. पण त्रिकोण सपाट करता येतो. पाया ३८ मीटर, दोन्ही तिरक्या बाजू साडेतेवीस. मग शेंडा पायापासून चौदा मीटर वर, जमिनीपासून साडेसोळा. वीस मीटरच्या निलगिरीला हे झेपतं.

फीड शेंड्यापासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे तिरक्या बाजूनं २१.२५ मीटर खाली. खालच्या कोपऱ्यापासून सव्वादोन मीटर वर. पायाच्या मधोमध फीड केलं तर ध्रुवीकरण आडवं होईल आणि सगळी मेहनत डोक्यावर जाईल.

एक धोका आवर्जून सांगते. असं फीड केल्यावर विद्युतदाब सर्वात जास्त दोन ठिकाणी असतो, शेंड्याला आणि पायाच्या मध्यावर. पायाचा मध्य हा माणसाच्या हाताच्या टप्प्यात येऊ शकतो. शंभर वॉटला तिथं हात लागला तर आरएफचा चटका बसतो, आणि तो चामडीच्या आत जातो. मळ्यात मजूर असतात, ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरतो. पाया तीन मीटरच्या वर ठेवा आणि खाली चिंध्या बांधून जागा दिसेल अशी करा.

डॅशडॉट

दिशा पण बघ. लूपच्या पातळीला काटकोनात तो जास्त फेकतो. युरोप आपल्याकडून वायव्येला, म्हणून पायाची तार ईशान्य-नैर्ऋत्य ओढ. जपान ईशान्येला, म्हणजे नेमका लूपच्या काठाच्या दिशेनं. तिथं सिग्नल थोडा मार खाईल पण मरणार नाही, बाजूनं फीड केलेल्या डेल्टाचा काठ पूर्ण बंद नसतो.

जपान संध्याकाळी, आपला सूर्य मावळताना ऐक, तिकडे तेव्हा रात्र झालेली असते. युरोप उलट, पहाटेपासून सूर्योदयापर्यंत. जानेवारीत सातच्या सुमारास उजाडतं, त्याआधीचा अर्धा तास सोडू नकोस.

निफाडची_थंडी

जानेवारीतल्या पहाटे दिंडोरीत, शेतावरच्या खोलीत. पारा एक आकडी. स्वेटर आणा, नायतर कानटोपी हेडफोनवर चढवावी लागंल.

आणि खरी अडचण इथंच आहे. लो-बँडचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर विजांचा कडकडाट ८०वर भरून राहतो. आमची गोडी छाटणी ऑक्टोबरची. त्यानंतर फवारण्या, विरळणी, डिपिंग, जानेवारीपासून काढणी. म्हणजे तुमचा हंगाम तोच आमच्या मरणाच्या धावपळीचा. मामांना आत्ताच विचारून जागा नक्की करा. त्या ३८ मीटरच्या पट्ट्यात ट्रॅक्टर वळत असेल तर तार पहिल्याच आठवड्यात तुटेल आणि तुमचं नाव घरात निघेल ते वेगळं.

पाथर्डीफाटा

मामांना फोन केला. निलगिरीच्या मागं पडीक तुकडा आहे, मुरमाड, तिथं ट्रॅक्टर जात नाही. लांबी पन्नास मीटर भरेल म्हणतात. "काय बांधायचं ते बांध, पण बागेची तार चोरू नको" असंही म्हणाले.

त्यावरून आठवलं. त्यांच्याकडे १२ गेज जीआय तारेचं उरलेलं भेंडोळं आहे. लूपला ती चालेल का, की तांबंच?

ओहमशांती

चालते, पण मी टाळीन. ३.६ मेगाहर्ट्झवर तांब्यात प्रवाह वरच्या ३५ मायक्रॉनच्या थरातून वाहतो, जस्तात त्याला साठेक मायक्रॉन लागतात. तारेवरचा जस्ताचा लेप त्यापेक्षा पातळ असतो, म्हणजे उरलेला प्रवाह लोखंडात शिरतो आणि तिथं तोटा जास्त. लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स मोठा असल्यानं नवी तार फार नुकसान करणार नाही, पण एकदा गंज चढला की गोष्ट वेगळी. वजनही बघा: १२ गेजची ८५ मीटर तार साडेतीन किलोच्या वर जाते.

त्यापेक्षा मेन रोडवरच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची कॉइल घ्या. ती नव्वद मीटरचीच येते. ८५चा लूप आणि बांधाबांधीला पाच मीटर, जणू आपल्यासाठीच कापलेली! तांबं सव्वा किलोच्या आत. काळी किंवा करडी घ्या, खालून दिसत नाही.

दोन सूचना. पीव्हीसीच्या आवरणामुळे तार विद्युतदृष्ट्या दोन-तीन टक्के लांब वागते, म्हणून ८५वर कापून टाकू नका. पूर्ण लांबी चढवा, नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर) बघा, मग छाटा. आणि हे तांबं मऊ असतं, ताण दिला की लांबतं. झोळ ठेवा.

डॅशडॉट

झाडाला कधीच घट्ट बांधू नकोस. निलगिरी वाऱ्यात मीटरभर सहज डुलते. दोर कप्पीवरून घे आणि दुसऱ्या टोकाला वजन लटकव, वाळूनं भरलेली पाण्याची बाटली पुरते. झाड हललं की बाटली वर-खाली होते, तार तुटत नाही.

चहाबाज

हे मला समजलं! बाकी तीस टक्के.

बाय द वे, दिवसा ८० का चालत नाही? वर कोणीतरी रात्रीचंच सांगतंय.

डॅशडॉट

दिवसा आयनमंडलाचा खालचा डी थर ८० आणि १६० गिळून टाकतो. सूर्य गेला की तो विरतो. म्हणून दिवसाच्या गप्पा ४०वर. आपलं एक सुदैव आहे. आपण विषुववृत्तीय विसंगतीच्या पट्ट्यात येतो, इथं दुपारी लहरी परतवणारा वरचा एफ२ थर चांगला दाट असतो, त्यामुळे ७ मेगाहर्ट्झ डोक्यावर फेकलं तरी परत येतं. युरोपातल्या पुस्तकांत जवळच्या संपर्काला जी वारंवारता सुचवलेली असते ती इथं जशीच्या तशी उचलायची नाही.

पण रात्री तोच थर पातळ होतो आणि ४०वर जवळचे लोक गायब होतात. २०२४च्या सुमाराला सौरचक्राचा जोर होता. पुढं सूर्य थंडावत जाईल तसं हे वाढत जाणार. त्या वेळी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलायला ८० लागेलच. म्हणून गच्चीच्या लूपमध्ये ८० असायलाच हवा.

मुळाकाठ

+१. आणि २०२७चा सिंहस्थ विसरू नका. त्र्यंबकेश्वर ब्रह्मगिरीच्या कुशीत आहे, तिथून हातातल्या व्हीएचएफ सेटनं डोंगराआडचं काही मिळायची मारामार. आडवा, कमी उंचीचा ४०/८०चा लूप डोंगराच्या डोक्यावरून नाशिक-पुणे करतो. आपत्कालीन सेवेत नाव द्यायचं असेल तर गच्चीवरचा प्रयोग कामाला येईल.

पाथर्डीफाटा

मळ्याचं ठरलं. आता गच्ची. ७२ मीटर आणि लॅडर लाइन, की दुसरं काही? लॅडर लाइन चार मजले खाली खिडकीपर्यंत आणायची तर कमिटीला ती दिसणारच.

डॅशडॉट

माझं मत ७२ मीटर आणि लॅडर लाइन. जितकी तार बाहेर तितकं बरं. ट्यूनर सांभाळून घेतो.

ओहमशांती

काका, मला पटत नाही. स्लॅबच्या कडेकडेनं जाणारी तार, चार मजले उतरणारी लॅडर लाइन गजांच्या, पाइपांच्या शेजारून, आणि शेवटी फ्लॅटच्या भिंतीतून आत. तिचं संतुलन वाटेतच बिघडेल आणि ती स्वतःच गोंगाट गोळा करेल.

माझा पर्याय: ७.१साठी ४३ मीटरचा लूप, १३ बाय साडेआठचा आयत, गच्चीच्या मधोमध. ४०वर तो सरळ पूर्ण तरंगलांबीचा. आणि ८०वर तोच लूप फीडच्या बरोब्बर समोर उघडायचा. उघडला की तो वाकवलेला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल होतो. बंद ठेवला तर ८०वर फीडला प्रचंड रोध दिसतो, ट्यूनरही हात टेकतो.

इथं एक मेख आहे. लूपला ३०६चं सूत्र, पण डायपोलला १४३चं. ४३ मीटर तार नुसती उघडली तर ती ३.३ मेगाहर्ट्झवर जुळते, बँडच्या खाली. ३.६साठी चाळीस मीटरच्या आसपास हवी. म्हणून समोरच्या बाजूला तीन मीटरचा तुकडा वेगळा ठेवायचा, दोन्ही टोकांना जोडणी. ४०साठी तुकडा जोडायचा, ८०साठी दोन्हीकडून सोडायचा. आधी साधे क्लिप लावून बघा, जमलं की रिले. नेमकी लांबी गच्चीवर मोजूनच ठरेल, कारण स्लॅब सगळं खाली ओढतो.

डॅशडॉट

हं. चार मजल्यांच्या लॅडर लाइनचा मुद्दा बरोबर आहे, बंगल्यात राहणाऱ्याला ते सुचत नाही. तुझाच पर्याय ठीक. पण ८०वर त्या उघड्या टोकांना चांगलाच दाब असतो, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या तिथून हलवायला सांग.

पाथर्डीफाटा

हे झकास आहे. फीडला काय? दुकानदार ४:१ बलून (रोध चौथा हिस्सा करणारा ट्रान्सफॉर्मर) गळ्यात मारतोय.

ओहमशांती

४०च्या लूपचा रोध शंभर-सव्वाशेच्या आसपास धरतात. ४:१ लावला तर तो पंचवीस-तीस होतो, रिगच्या पन्नास ओहमला तेही जुळत नाही. त्याऐवजी केबल टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ घ्या, ७.१ची पाव तरंगलांबी कापा: १०.५६ मीटर गुणिले केबलचा व्हेलॉसिटी फॅक्टर (प्रकाशाच्या तुलनेत केबलमधला वेग). फोमवाल्या केबलला तो ०.८२ धरला तर ८.७ मीटर. हा तुकडा ११२ ओहमचे ५० करून देतो. त्याच्या पुढं नेहमीची ५० ओहमची कोॲक्स. लूपच्या तोंडाशी ३१ मिक्सच्या टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) त्याच केबलचे डझनभर वेढे, चोक म्हणून, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवायला. त्यात जी केबल जाईल ती ८.७ मीटरमध्येच धरायची.

८०वर हाच तुकडा मधे राहतो, एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा, एक सर्वात उत्तम) दोनच्या आगेमागे दिसेल. रिगमधला ट्यूनर तेवढं निभावतो. गच्चीवर रोध कमी निघाला तर तुकडा काढून टाका. मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका, बलून तर नाहीच.

निफाडची_थंडी

संक्रांतीचं काय ते पण सांगा कोणीतरी. इंदिरानगरच्या गच्च्या म्हणजे पतंगांचं रणांगण. मांजा तारेत अडकला की पोरं ओढतात, आणि तुमचा लूप पतंगासोबत खाली. चार दिवस एका बाजूची तार सोडून ठेवा. आमच्या येवल्याकडे तर आठवडा आधीपासूनच विचार करावा लागतो.

डॅशडॉट

आणि वीज. एप्रिल-मेच्या वळवाला आणि परतीच्या पावसात कोॲक्स रिगपासून काढून खिडकीबाहेर ठेव. लूप बंद आहे म्हणून सुरक्षित आहे असं काही नाही, तो जमिनीला जोडलेला नाही. फीडपाशी गॅस डिस्चार्ज ट्यूब (जास्तीचा दाब जमिनीत सोडणारी नळी) आणि जाड अर्थ घाल, पण भरवसा प्लग काढण्यावरच ठेव.

मळ्यात दोर फेकण्याआधी वर बघ. महावितरणची ११ केव्हीची लाइन निलगिरीच्या रांगेजवळून जात असेल तर ते झाड आपलं नाही, दुसरं शोध. तार तुटून पडली तरी लाइनवर पडणार नाही एवढं अंतर हवं.

पाथर्डीफाटा

लाइन रस्त्याच्या पलीकडं आहे, शंभर मीटर तरी. विचारून घेतलं.

तर ठरलं असं: गच्चीवर ४३चा आयत आणि सुटा तीन मीटरचा तुकडा. मळ्यात ८५चा सपाट डेल्टा, पाया तीन मीटरवर. १६० पुढच्या वर्षी, त्याला वेगळा धागा काढेन. दोन कॉइल घेतल्या, काळ्या.

फक्त निलगिरीवर सतराएक मीटरवर दोर कसा न्यायचा? चढायला कोणी तयार नाही.

निफाडची_थंडी

चढू नका, निलगिरीची फांदी दगा देते. बेचकी. पातळ मासेमारीची दोरी, टोकाला मोठा नट, फांदीवरून पलीकडं. मग तिला सुतळी, सुतळीला जाड दोर. जाड दोर शेडनेटवाल्यांची पॉलिएस्टर वायर घ्या, उन्हात सडत नाही, नायलॉनसारखी ताणतही नाही. इन्सुलेटर म्हणून झटका मशीनचे प्लॅस्टिकचे मिळतात, दहा-वीस रुपयांचं काम. शेंड्याला मात्र चिनी मातीचा अंडा इन्सुलेटर लावा, तिथं दाब आहे.

येत्या रविवारी मी वणीला चाललोय, वाटेत दिंडोरीला थांबतो. बेचकी माझ्याकडं आहे, तुम्ही मासेमारीची दोरी आणा.

पाथर्डीफाटा

जबरदस्त, दादा! किती मीटर आणू? आणि मामांना जेवणाचं सांगून ठेवतो.

निफाडची_थंडी

शंभर मीटरचं रीळ. जाड दोर पन्नास: वर जायला, खाली यायला आणि बाटलीला. बाजरीची भाकरी असंल तर बायकोपण येतीय म्हणते.